विश्लेषण : भंडाऱ्यात हरलेले आंबेडकर शेजारी देशांच्या लोकशाहीबद्दल काय सांगत होते?

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीतला मतदार आज भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात मत देतो. १९५४ मध्ये गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीत पराभूत झाले. हा पराभव अनेकांना ठाऊक आहे. त्याच प्रचारात ते देशाच्या परराष्ट्र धोरणावरही बोलत होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. शेजारच्या देशात लोकशाही टिकते की नाही, याच्याशी आपला संबंध काय? म्यानमार आणि अफगाणिस्तानातील घडामोडींमुळे हा प्रश्न आज पुन्हा समोर आला आहे. आंबेडकरांच्या आयुष्यात त्याची काही उत्तरे सापडतात.

मताच्या हक्काची लढाई कधी सुरू झाली?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकले. जानेवारी १९१९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता आणि करावर ठरत असे. त्यामुळे अस्पृश्य समाजातील जवळजवळ कोणीच मतदार यादीत नसे. ज्यांना मत नाही त्यांच्या वतीने दुसऱ्याच कुणी बोलायचे, याला प्रतिनिधित्व म्हणता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे गोलमेज परिषदा झाल्या आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी स्थापन झालेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. घटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. जात, शिक्षण किंवा मालमत्ता न पाहता प्रत्येक प्रौढ नागरिक मतदार झाला.

शेजारी देशाचा धागा कुठे जोडला जातो?

१९४६ मध्ये संविधान सभेवर आंबेडकर मुंबईतून निवडून येऊ शकले नाहीत. ते बंगालमधून आले. तिथे त्यांना शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सहकारी जोगेंद्रनाथ मंडल यांची मदत झाली. फाळणीनंतर त्यांची ती जागा गेली आणि ते मुंबईतून पुन्हा सभेत आले. मंडल मात्र पाकिस्तानात राहिले. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेच्या पहिल्या बैठकीचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. तेच पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले.

एकाच पक्षातले दोन नेते दोन शेजारी देशांचे पहिले कायदामंत्री झाले. पुढचा प्रवास मात्र वेगळा झाला. अल्पसंख्याकांवरील अत्याचारांचे कारण देत मंडल यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा दिला आणि ते भारतात आले. भारताची घटना १९५० मध्ये लागू झाली. पाकिस्तानची पहिली घटना १९५६ मध्ये आली आणि १९५८ मध्ये लष्करी कायद्याखाली रद्द झाली. तिथे राष्ट्रीय पातळीवर प्रौढ मतदानाने थेट निवडणूक व्हायला १९७० उजाडले.

भंडाऱ्यात पोटनिवडणूक का लागली?

आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडणे हे त्याचे मोठे कारण होते, पण सरकारच्या परराष्ट्र धोरणावरही त्यांचा आक्षेप होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले.

तेव्हा काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही मते एकाच उमेदवाराला दिली तर एक मत बाद होई. याला 'मत कुजवणे' म्हणत. उत्तर मुंबईत ७० हजारांहून अधिक मते बाद झाली. आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी या निकालाविरुद्ध निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली.

भंडाराही असाच द्विसदस्यीय मतदारसंघ होता. १९५२ मध्ये तिथून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे निवडून आले. जसानी ज्या विडी कंपनीत भागीदार होते, तिचा लष्करी कॅन्टीनला विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारी कंत्राटात हितसंबंध असलेली व्यक्ती खासदार होऊ शकते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महानुभाव पंथात गेल्यामुळे गंगाराम थावरे यांचा राखीव जागेचा अर्ज नाकारला गेला होता. तो नाकारणे योग्य होते का, हा दुसरा प्रश्न होता. ९ फेब्रुवारी १९५४ च्या निकालात न्यायालयाने जसानी अपात्र असल्याचे आणि थावरे यांचा अर्ज चुकीने नाकारल्याचे मान्य केले. त्यामुळे दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान झाले. नव्या प्रजासत्ताकाने सत्ताधारी पक्षाच्या खासदारांची निवडणूक न्यायालयात तपासली आणि रद्द ठरवली. लोकशाहीचे संरक्षण प्रत्यक्षात कसे होते, याचा हा विडी उद्योगाच्या पट्ट्यातला नमुना आहे.

या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांनी आंबेडकरांचा आठ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. दुसरे मत कुजवण्याचा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला होता, पण आंबेडकरांनी तो मानला नाही, अशी आठवण प्रचारात सहभागी असलेल्या दत्तोपंत ठेंगडी यांनी लिहून ठेवली आहे.

प्रचारात परराष्ट्र धोरण कशासाठी?

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक करार झाला. पंचशील याच कराराच्या प्रस्तावनेत आहे. भंडाऱ्याची पोटनिवडणूक त्याच सुमाराची. नेहरू सरकारच्या धोरणामुळे भारत मित्रांविना पडत चालला आहे, अशी टीका आंबेडकर प्रचारात करत होते.

याची सविस्तर मांडणी त्यांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत केली. तिबेटवरचा चीनचा ताबा मान्य केल्याने चीनची सीमा भारताला येऊन भिडेल, असा इशारा त्यांनी दिला. साम्यवादी राजवटी एकामागून एक देश घेत असतील, तर शांततामय सहजीवन कोणत्या अटींवर, असा त्यांचा प्रश्न होता. उरलेल्या देशांनी संरक्षणासाठी एकत्र येण्यात त्यांना गैर वाटत नव्हते. म्हणूनच 'सिएटो' या दक्षिण-पूर्व आशियाई संरक्षण कराराकडे आक्रमणाची तयारी म्हणून पाहू नये, अशी त्यांची भूमिका होती. हा करार ८ सप्टेंबर १९५४ रोजी मनिला येथे झाला. भारत त्यात गेला नाही.

त्यांचे कुठे बरोबर ठरले आणि कुठे नाही?

सीमेबद्दलची भीती १९६२ च्या युद्धाने खरी ठरवली. सिएटोबद्दलची अपेक्षा मात्र फोल ठरली. करारात आशियातून पाकिस्तान, थायलंड आणि फिलिपिन्स होते. थायलंडमध्ये १९५७ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, तर पाकिस्तानात ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायदा आला. सदस्य देशातच लोकशाही संपली, तरी करार चालू राहिला. १९७७ मध्ये तो गुंडाळला गेला. लष्करी करार सीमा राखण्यासाठी होता. सदस्य देशातली संसद वाचवण्याची तरतूद त्यात नव्हती.

करारापेक्षा उपयोगी यादी कोणती?

आंबेडकरांच्याच एका वेगळ्या भाषणात या प्रश्नाचे जास्त टिकाऊ उत्तर आहे. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी मांडल्या होत्या. त्यांच्या मते लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्तपाताशिवाय क्रांतिकारक बदल घडवते, ती लोकशाही. त्यासाठीच्या अटी थोडक्यात अशा :

– समाजात टोकाची विषमता नसावी.
– सत्ताधाऱ्यांना प्रश्न विचारणारा विरोधी पक्ष असावा.
– कायद्यापुढे आणि प्रशासनात सर्वांना समान वागणूक मिळावी.
– घटनात्मक नीतिमत्ता पाळली जावी.
– बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करू नये.
– समाजात नैतिक व्यवस्था असावी.
– दुसऱ्यावरचा अन्याय पाहून अस्वस्थ होणारी लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी असावी.

शेजारी देशाची लोकशाही तपासायला ही यादी आजही वापरता येते. निवडणूक झाली का, एवढाच प्रश्न पुरत नाही. विरोधी पक्ष तुरुंगात आहे का, अल्पसंख्याक सुरक्षित आहेत का, हेही पाहावे लागते. हीच यादी स्वतःच्या देशालाही लागू होते, ही तिची अवघड बाजू.

शेवटचा परदेश दौरा कुठे झाला?

१९५० मध्ये कोलंबो, १९५४ मध्ये रंगून आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू. जागतिक बौद्ध परिषदांच्या निमित्ताने आंबेडकर तीन शेजारी देशांत गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर महिनाभराने ते नेपाळला पोहोचले. २० नोव्हेंबरला काठमांडूत त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली. गरिबी आणि शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचेही, पण मार्ग वेगळे, असे त्यांनी मांडले. बळजबरीने आणलेली व्यवस्था बळ संपताच कोसळते, तर मन वळवून आणलेली टिकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेजाऱ्यांशी बोलताना इथे त्यांनी लष्करी कराराऐवजी समान वारशाचा आधार घेतला.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पुढच्या सहा वर्षांत शेजार बदलला. पाकिस्तानपाठोपाठ नेपाळमध्ये राजे महेंद्र यांनी १५ डिसेंबर १९६० रोजी बी. पी. कोइराला यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले. २ मार्च १९६२ रोजी ब्रह्मदेशात जनरल ने विन यांनी सत्ता घेतली.

आज शेजारी देशांकडे कोणती साधने आहेत?

१. सदस्यत्वाची अट : दक्षिण अमेरिकेतील मर्कोसुर गटाने १९९८ च्या उशुआइया करारात लोकशाही ही अट घातली. त्या आधारे २०१२ मध्ये पॅराग्वेला निलंबित केले. राष्ट्रकुलानेही १९९९ च्या लष्करी उठावानंतर पाकिस्तानला मंडळांतून निलंबित केले होते.

२. सनद : सार्कने २०११ मध्ये लोकशाहीची सनद स्वीकारली. निवडून आलेले सरकार घटनाबाह्य मार्गाने बदलणे तिला अमान्य आहे. पण सार्कच्या मूळ १९८५ च्या सनदेत सदस्याला निलंबित करण्याची तरतूद नाही आणि द्विपक्षीय वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले आहेत. २०१४ नंतर सार्कची शिखर परिषदही झालेली नाही.

३. बैठकीतून वगळणे : १ फेब्रुवारी २०२१ च्या म्यानमारमधील उठावानंतर आसियानने पाच कलमी सहमती केली. ती पाळली न गेल्याने ऑक्टोबर २०२१ च्या शिखर परिषदेला लष्करप्रमुखांना बोलावले नाही. राजवट मात्र बदलली नाही.

४. निवडणूक यंत्रणेची मदत : हे सर्वांत कमी गाजणारे साधन आहे. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५३ मध्ये सुदानची पहिली निवडणूक घ्यायला मदत केली होती. आज दक्षिण आशियातील निवडणूक आयोगांचा 'फेम्बोसा' हा मंच आहे. मतदार यादी, प्रशिक्षण आणि निरीक्षक यांची देवाणघेवाण या मार्गाने होते.

५. आसरा : नोव्हेंबर १९५० मध्ये नेपाळचे राजे त्रिभुवन काठमांडूतील भारतीय दूतावासात आले. त्यानंतर दिल्लीत तडजोड झाली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये राणांची एकहाती सत्ता संपली. आंबेडकर तेव्हा केंद्रात कायदामंत्री होते. पण दहा वर्षांनी त्याच राजघराण्याने नेपाळची संसद मोडली. बाहेरची मदत दार उघडू शकते, ते उघडे ठेवण्याचे काम तिथल्या जनतेचे.

मुर्रीतल्या मतदाराने यातून काय घ्यायचे?

१९५४ मध्ये या भागात तीन गोष्टी घडल्या. न्यायालयाने सदोष निवडणूक रद्द केली, मतदारांनी पुन्हा मतदान केले आणि घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना हरवले. आंबेडकर राज्यसभेचे सदस्य म्हणून काम करत राहिले आणि तीन महिन्यांनी त्याच सभागृहात त्यांनी सरकारच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली. हरलेल्याला बोलण्याची जागा मिळाली आणि जिंकलेल्यांना ऐकून घ्यावे लागले. पाकिस्तान, नेपाळ आणि ब्रह्मदेश या शेजाऱ्यांकडे पुढच्या आठ वर्षांत नेमकी हीच जागा उरली नाही. शेजाऱ्याला लोकशाहीचा आग्रह करायचा असेल, तर ही जागा आधी आपल्या घरी शाबूत असावी लागते.