सुरतेची डॉक्टरीण

बडोद्याहून मुंबईला जाताना गाडी सुरतेला थांबते. फलाटावर उतरून घारीचा पुडा घेणारे आम्ही मराठी लोक पुष्कळ. पण याच गावात एका मराठी बाईने वीस-बावीस वर्षे बायकांची बाळंतपणे केली, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. रखमाबाईंचे नाव निघाले की आठवतो तो त्यांचा खटला. आम्हांला या वर्षी त्यांच्या इस्पितळाविषयी सांगायचे आहे.

खटला टाळता मात्र येत नाही, कारण इस्पितळाची वाट तिथूनच जाते. रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतींचे मोठे जाणकार होते, आणि गर्भ व बाळंतपण या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले होते. चारचौघांत ज्याचा उच्चारही करायचा नाही, तो विषय या घरात अभ्यासाचा होता. रखमाबाईंच्या पुढच्या कामाचे बी तिथे पडले असावे, असे आमचे मत आहे.

अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न लागले. कोवळ्या वयात मुलीला नांदायला धाडणे सखाराम अर्जुनांना मान्य नव्हते, म्हणून त्या माहेरीच राहिल्या आणि वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी हक्काचा दावा लावला. पुढच्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. मग अपील होऊन मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. लोकमान्यांनी या प्रकरणात त्यांच्यावर कडक टीका केली होती, हे गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतही लपवण्याचे कारण नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये परतल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या माळवी हॉस्पिटलात रुजू झाल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन आल्या, पण त्यांना रोगी तपासायला आयुष्यच मिळाले नाही. रखमाबाईंना मिळाले, आणि पुरेपूर.

इस्पितळ होते, डॉक्टरीण होती. बाळंतिणी मात्र येत नव्हत्या. आमच्या पणज्यांच्या काळची बाळंतिणीची खोली आठवावी. घरातली सर्वांत अंधारी खोली, खिडकीला पोते, बाजेखाली शेगडी, धुरी, सुईण आणि सोयर. त्यातले सगळेच वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. शेक, तेलपाणी, अळीव-डिंकाचे लाडू आणि सव्वा महिना कामाला हात न लावणे, एवढा विसावा बाईला एरवी कधी मिळत होता? पण त्याच खोलीत न धुतलेल्या हातांनी बाळंतज्वर येई, नाळ कापणाऱ्या पात्याने मुलाला धनुर्वात होई. मूल आडवे आले तर सुईणीजवळ फारसा इलाज नसे. आणि इस्पितळ म्हणजे मरायला जाण्याची जागा, असा समज. तिथे परका पुरुष अंगाला हात लावील ही धास्ती वेगळीच. रखमाबाईंच्या असण्याने ती धास्ती गेली, तरी पहिली भीती उरलीच.

इथली एक गोष्ट सांगतात. बायका येईनात, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण जनावर इस्पितळाच्या आवारात आणवले आणि त्याची सुटका सुखरूप करून दाखवली. व्याख्यान देऊन जे झाले नसते ते त्या मुक्या जिवाने केले. हळूहळू बायका येऊ लागल्या. आम्हांला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात भ्यालेल्या बाईला अडाणी म्हणून हिणवणे नाही. तिला काय दिसले म्हणजे धीर येईल, एवढाच विचार आहे. बाळंतपणात धीर हे अर्धे औषध, हे आमच्या घरच्या म्हाताऱ्याही सांगत.

आपल्यावर लादलेला संसार नाकारणारी ही बाई स्वतः कधी आई झाली नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा मात्र त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. आमच्यातल्या काहींना हे कोडे वाटते, काहींना मुळीच नाही. मंडळाच्या बैठकीत यावर बराच वाद झाला आणि तो मिटला नाही.

सुरतेनंतर त्या राजकोटला स्त्रियांच्या इस्पितळात गेल्या आणि तिथेही दहा-बारा वर्षे राहिल्या. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, पडद्याची चाल मोडावी म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली; पडद्याआड वाढलेल्या बायका त्यांनी पस्तीस वर्षे तपासल्या होत्या. पुढे त्या मुंबईला परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तिथेच त्या गेल्या.