जग्वारचे चाहते का बिथरलेत? आधी विल्यम लायन्स कोण, ते वाचा

टाटांच्या जग्वारने २०२४ मध्ये लोगो बदलला. यापुढे फक्त इलेक्ट्रिक कार, असंही ठरलं. जुने चाहते नाराज आहेत.

हा ब्रँड घडवणारे विल्यम लायन्स इंजिनिअर नव्हते, पण गाडीच्या आकाराची त्यांची नजर अचूक होती. १९२२ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, त्यांनी ब्लॅकपूलमध्ये भागीदारासोबत मोटरसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. 'जग्वार' नाव आलं १९३५ मध्ये.

१९५५ मध्ये ल मान्स शर्यतीला जाताना त्यांचा एकुलता मुलगा जॉन अपघातात गेला. ती शर्यत जग्वारनेच जिंकली. धंदा सांभाळायला मुलगा उरला नव्हता. १९६६ मध्ये कंपनी बीएमसीत विलीन झाली. पुढे ब्रिटिश लेलँडच्या काळात दर्जा घसरला, चाहत्यांचा विश्वास तेव्हाही डळमळला. लायन्स १९८५ मध्ये वारले, त्याच्या आदल्याच वर्षी जग्वार पुन्हा स्वतंत्र झाली होती.