आर्थर गूल्डचं घर

आपल्या खेळाच्या सरांच्या सत्कारासाठी सगळ्यांनी वर्गणी काढली. ती द्यायला मी गेलो, तर सरांनी पाकिटाला हात लावला नाही. शिकवण्याचा पगार मिळत होता, खेळाचे वेगळे पैसे कसले घ्यायचे, असं त्यांचं म्हणणं. परतताना मला आर्थर गूल्ड आठवला.

गूल्ड वेल्समधल्या न्यूपोर्टचा, जन्म १८६४ चा. लहानपणी झाडांवर चढायचा म्हणून त्याचं नावच 'मंकी' पडलं होतं. १८८५ मध्ये तो वेल्सकडून पहिला सामना खेळला. एकूण २७ सामने, त्यातल्या १८ मध्ये कर्णधार. १८९३ चा इंग्लंडविरुद्धचा सामना तर ऐकण्यासारखा. कार्डिफचं मैदान गोठलेलं, ते वितळावं म्हणून रात्रभर शेगड्या पेटवलेल्या. वेल्स मागे पडलं होतं. गूल्डने दोन ट्राय केल्या आणि वेल्सने १२-११ असा सामना जिंकला. त्या वर्षी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही वेल्सने पहिल्यांदाच हरवलं.

तो निवृत्तीला आला तेव्हा लोकांनी निधी जमवायला घेतला. वेल्सच्या रग्बी संघटनेनेही त्यात भर घातली. झालं, वाद पेटला! रग्बी तेव्हा हौशी खेळाडूंचा, पैसा म्हणजे विटाळ. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, या मागणीवरून उत्तर इंग्लंडचे क्लब १८९५ मध्येच फुटून निघाले होते, त्यामुळे वरचे लोक धास्तावलेले. आंतरराष्ट्रीय मंडळाने हरकत घेतली. वेल्स मंडळातूनच बाहेर पडलं. १८९७ मध्ये स्कॉटलंड आणि आयर्लंड वेल्सशी खेळले नाहीत. इंग्लंडशी तेवढा सामना झाला, न्यूपोर्टलाच, आणि वेल्सने तो ११-० असा जिंकला. गूल्डचा तो शेवटचा.

त्याच वर्षी ईस्टरला भर मेजवानीत त्याला घराची कागदपत्रं देण्यात आली. त्याने ती घेतली. पुढच्या वर्षी तडजोड झाली: वेल्स मंडळात परतलं, पण गूल्डने पुन्हा देशासाठी खेळायचं नाही. तो तसाही थांबलाच होता. तरी ही अट मला आजही खुपते. ज्यांच्यासाठी तो इतकी वर्षं खेळला त्यांनी प्रेमाने घर दिलं, यात लाच कुठे आली?

पुढे तो दारूच्या एका कारखान्यात नोकरीला होता. १९१९ च्या जानेवारीत गेला, अवघ्या ५४ व्या वर्षी. अंत्ययात्रेला न्यूपोर्ट लोटलं होतं.

सरांचं पाकीट अजून माझ्याकडेच आहे. मेळाव्याला घेऊन येतोय. या वेळी आपण सगळे मिळून देऊ, बघू कसे नाही म्हणतात.