खुराड्यातली प्रकाशशाळा

मुले कुणी शिक्षणासाठी, कुणी संसारासाठी पांगलेली. पती सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांवर गेलेले. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट या बेटावरचे ते घर एरवी माणसांनी गजबजलेले असे, पण १८६३ च्या डिसेंबरात ते अगदी सुने झाले होते. आईचे मन कशात तरी रमावे म्हणून मुलीने आणि जावयाने तिला एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ४८ वर्षांच्या होत्या. माणसाला कुठे बसवायचे, उजेड कुठून घ्यायचा, यातले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत त्यांनी जी छायाचित्रे काढली, ती आज व्यक्तिचित्रणाच्या प्रत्येक इतिहासात मानाने छापली जातात.

ज्युलियाबाई जन्माने कलकत्त्याच्या. ११ जून १८१५ ला ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८३८ मध्ये त्यांनी आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी विवाह केला. भारतीय दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या विधी आयोगाचे हे एक सदस्य. छायाचित्रणाच्या नव्या शोधाची वार्ता बाईंना कलकत्त्यातच लागली. खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल हे त्यांचे स्नेही. त्यांनी ही माहिती कळवली आणि नमुनेही पाठवले. हातात कॅमेरा यायला मात्र त्यानंतर वीस वर्षे जावी लागली.

भेट मिळताच बाईंनी कोंबड्यांचे काच लावलेले खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला. कोळशाची खोली ही त्यांची डार्करूम झाली. शिकवायला गुरू नव्हता. पहिल्याच काचेवर चुकून हात फिरला आणि उमटलेले चित्र पुसले गेले. त्या काळी काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची, अशी रीत होती. बाईंची बोटे कायम काळी असत. ओली काच हातात घेऊन त्या जेवणाच्या टेबलापर्यंत धावत जात आणि पतीला ती दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. टेबलावरची कितीतरी वस्त्रे त्या डागांनी कामातून गेली! अखेर जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिलपॉट या छोट्या मुलीचे छायाचित्र मनासारखे साधले.

मग त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले. त्या काळच्या धंदेवाईक स्टुडिओत छतातून भरपूर, सारखा उजेड येई. बाजूला एखादा खांब, मागे पडदा आणि मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा. चित्र लहान, लख्ख आणि रेखीव येई. पण त्यात माणसापेक्षा त्याचा कोटच अधिक दिसे. ज्युलियाबाईंनी उलटी वाट धरली. काचांवर पडदे ओढून त्यांनी उजेड अडवला आणि एकाच बाजूने येऊ दिला. त्यामुळे अर्धा चेहरा उजळे, अर्धा सावलीत राही. कपाळ, गालाचे हाड आणि डोळ्याखालची सुरकुती उठून दिसू लागली. खांब आणि पडदा गेला, चौकटभर फक्त चेहरा उरला.

याची किंमत मात्र मोठी होती. उजेड कमी, काच मोठी. म्हणून बसणाऱ्याला कित्येकदा मिनिटामागून मिनिटे निश्चल राहावे लागे. माणूस श्वास घेणार, पापणी लवणार, तेवढी रेषा हलणार. शिवाय भिंग फिरवताना चेहरा जिथे सुंदर वाटे तिथेच बाई थांबत. आणखी नेमकेपणाच्या मागे लागत नसत. लंडनच्या छायाचित्रकारांनी याला अडाणीपणा ठरवले. बर्लिनमध्ये मात्र १८६५ साली त्यांना कांस्यपदक आणि पुढच्याच वर्षी सुवर्णपदक मिळाले.

त्यांच्यासमोर कवी टेनिसन बसले, कार्लाइल बसले. वृद्ध हर्शेल यांचे पांढरे केस बाईंनी धुऊन मोकळे सोडायला लावले आणि मगच १८६७ मधले ते विख्यात चित्र घेतले. १८६८ मध्ये चार्ल्स डार्विन यांचे छायाचित्र त्यांनी काढले, आणि इतर सर्व छायाचित्रांपेक्षा त्यांना तेच आवडले. थोरांइतक्याच आदराने बाईंनी घरातल्या मुलींकडेही पाहिले. मोलकरीण मेरी हिलियर त्यांच्या कॅमेऱ्यापुढे मेरीमाता झाली. भीक मागताना भेटलेल्या मेरी रायनला त्यांनी लहानपणीच घरी आणून वाढवले होते. तिची छायाचित्रे लंडनच्या प्रदर्शनात पाहून एक तरुण तिच्या प्रेमात पडला आणि १८६७ मध्ये दोघांचा विवाह झाला. हा तरुण म्हणजे पुढे १९०४ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे सर हेन्री कॉटन!

एवढे होऊनही पैसा मात्र जुळला नाही. छायाचित्रे विकून घराला हातभार लावावा, ही बाईंची धडपड होती. साउथ केन्सिंग्टन म्युझियमने चित्रे विकत घेतली, १८६८ मध्ये कामासाठी दोन खोल्याही दिल्या. पण रसायने, काचा आणि कागद यांचा खर्चच भारी होता. सिलोनच्या मळ्यांचे उत्पन्नही आटत चालले. १८७५ मध्ये हे कुटुंब घर सोडून सिलोनला गेले. तिथे बाईंनी मळ्यांवरच्या मजुरांची चित्रे काढली, पण ती मोजकीच. २६ जानेवारी १८७९ ला तिथेच त्यांचे निधन झाले. बोगावंतलावा येथे त्यांची कबर आहे.

त्यांच्या बाराशेहून अधिक चित्रांची आज नोंद आहे. यातले एक चित्र भाची ज्युलिया जॅक्सनचे. ही व्हर्जिनिया वुल्फची आई. अर्धा चेहरा काळोखात बुडालेला. तरी डोळे आपल्याकडे पाहतच राहतात. सगळीकडे सारखा उजेड पाडला की चेहरा दिसतो, माणूस दिसेलच असे नाही. माणूस दिसायचा तर उजेड कुठे थांबवायचा हे कळावे लागते. विजेचे दिवे आले, कॅमेरे खिशात मावू लागले, तरी हा धडा जुना झालेला नाही. तो एका बाईने पन्नाशीच्या उंबरठ्यावर, गुरूवाचून, कोंबड्यांच्या खुराड्यात गिरवला होता.