चिंतामणराव देशमुख
चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व केंद्रीय अर्थमंत्री होते. पनवेल ज्यात मोडत असे, त्या तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातून ते १९५२ साली लोकसभेवर निवडून आले.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. पुढे मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा पंतप्रधान नेहरूंनी मंत्रिमंडळाला न विचारता केली, असा आक्षेप घेऊन देशमुखांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये लोकसभेतील निवेदनात त्यांनी नेहरूंच्या कार्यपद्धतीवर कठोर टीका केली व गोळीबाराच्या चौकशीचा आग्रह धरला. संताप तीव्र असला, तरी टीकेचा मुख्य आधार घटनात्मक संकेतांचा होता. नेहरूंच्याच कारकिर्दीत नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.