मोलोकाईचे संत डेमियन : टाकलेल्यांचा गोतावळा

संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी येतात. मोलोकाईच्या संत डेमियन यांचा सण मात्र १० मे रोजी येतो. १८७३ साली याच तारखेला ते कुष्ठरुग्णांच्या वस्तीत उतरले होते. त्या दिवसापासून मरेपर्यंतची सोळा वर्षे त्यांनी तेथेच काढली. त्या वर्षांत त्यांनी काय केले हे पुष्कळांना ठाऊक आहे; त्या वस्तीने त्यांना काय दिले याचा विचार त्या मानाने कमी होतो. या लेखात आपण दोन्हींचा मागोवा घेऊ या.

त्यांचे मूळ नाव जोसेफ डी व्हेस्टर. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात, फ्लेमिश बोलणाऱ्या शेतकरी व धान्यव्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या मनात या मुलाने व्यापार सांभाळावा असे होते. परंतु थोरला भाऊ पाम्फिल लूव्हेन येथे येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला होता, आणि १८५९ साली धाकटाही त्याच्या पाठोपाठ गेला. तेथे त्यांनी डेमियन हे नाव घेतले. शिक्षण अपुरे म्हणून वरिष्ठांनी प्रथम त्यांना धर्मगुरुपदासाठी योग्य मानले नाही. पुढे भावाकडून लॅटिन शिकून त्यांनी ती उणीव भरून काढली. दांडगे शरीर, हट्टी स्वभाव, हातात सुताराची करवत शोभेल असा माणूस. पुढे ही करवतच कामी आली.

१८६३ साली पाम्फिल यांना हवाई बेटांवर मिशनरी म्हणून पाठवायचे ठरले. त्याच सुमारास लूव्हेनमध्ये टायफस तापाची साथ आली आणि रुग्णांची सेवा करताना पाम्फिल स्वतःच अंथरुणाला खिळले. डेमियन यांना अजून गुरुदीक्षाही मिळालेली नव्हती. तरी त्यांनी स्थानिक वरिष्ठांना ओलांडून पॅरिसला थेट संघप्रमुखांना पत्र लिहिले आणि भावाच्या जागी स्वतःला पाठविण्याची विनंती केली. ती मान्य झाली. सुमारे पाच महिन्यांच्या सागरप्रवासानंतर १९ मार्च १८६४ रोजी, संत जोसेफ यांच्या सणादिवशी, ते होनोलुलूला पोहोचले. २१ मे रोजी तेथील शांतिमातेच्या कॅथेड्रलमध्ये त्यांची गुरुदीक्षा झाली. पुढची नऊ वर्षे त्यांनी हवाई या मोठ्या बेटावर पुना आणि कोहाला या भागांत काढली. घोड्यावरून, पायी, डोंगर चढून ते गावोगाव फिरत आणि लाकडाची छोटी चर्चेस स्वतः उभी करत.

ते ज्या लोकांत राहात होते त्यांच्यावर तेव्हा फार वाईट दिवस आले होते. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या देवी, गोवर यांसारख्या रोगांनी हवाईची माणसे मरत होती. १८७२ च्या जनगणनेत साऱ्या बेटांची लोकसंख्या ५७ हजारांपेक्षाही कमी भरली. त्यात कुष्ठरोग पसरू लागला. ३ जानेवारी १८६५ रोजी राजा पाचवा कामेहामेहा याने कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. रुग्णांसाठी मोलोकाई बेटाच्या उत्तरेकडील एक चिंचोळा भूभाग निवडण्यात आला. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळसोट उंच कडा. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले बारा रुग्ण कलावाओ येथे उतरविण्यात आले. हवाईच्या लोकांनी या रोगाला कुटुंब तोडणारा रोग असे नाव दिले होते. आपल्याकडे महारोग म्हणत. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी वरोड्याला स्थापन केलेल्या संस्थेच्या नावात तो शब्द आजही आहे. आपल्या शब्दात रोगाचा धाक दिसतो, हवाईच्या शब्दात ताटातूट. त्या लोकांना रोगापेक्षा ताटातूट अधिक सलत होती असे आम्हांस वाटते.

सरकारची कल्पना अशी होती की रुग्ण स्वतः शेती करून पोट भरतील. ज्यांची बोटे झडत चालली होती, त्यांच्याकडून ही अपेक्षा! अन्न, कपडे, औषध, निवारा सगळ्याचाच तुटवडा होता. जुन्या चरित्रग्रंथांत त्या वस्तीचे वर्णन दारू आणि अनाचार यांनी भरलेला नरक असे आढळते. हे चित्र अपुरे आहे आणि रुग्णांवर अन्याय करणारे आहे. निरोगी असूनही नवऱ्याबरोबर, बायकोबरोबर किंवा लेकराबरोबर तेथे राहायला आलेले नातलग पहिल्यापासून होते. त्यांना कोकुआ, म्हणजे मदतनीस, म्हणत. प्रॉटेस्टंट रुग्णांनी १८६६ सालीच आपली मंडळी स्थापन केली होती. कॅथोलिक रुग्णांसाठी संत फिलोमिना यांचे चर्च १८७२ साली उभे राहिले होते. नव्हते ते त्यांच्यात कायम राहणारे धर्मगुरू.

१८७३ च्या मे महिन्यात माउई बेटावर एका चर्चच्या आशीर्वादविधीसाठी धर्मगुरू एकत्र आले असता बिशप मेग्रे यांनी हा विषय काढला. तिथे गेलेला माणूस परत न येण्याचीच शक्यता अधिक, म्हणून आज्ञा करायला त्यांचे मन धजत नव्हते. चार तरुण धर्मगुरू पुढे झाले. त्यांनी आळीपाळीने जावे असे ठरले आणि पहिली पाळी डेमियन यांची आली. ते तेहतीस वर्षांचे होते. स्वतः बिशपांनी त्यांना जहाजातून नेऊन रुग्णांच्या हवाली केले. राहायला घर नव्हते, म्हणून पहिल्या रात्री त्यांनी चर्चशेजारी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. दोनच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळविले की आपल्याला येथेच राहू द्यावे. पाळीपाळीची योजना तेथेच संपली.

पहिला प्रश्न मेलेल्यांचा होता. मरण रोजचे होते, आणि पुष्कळांना शवपेटीशिवाय उथळ खड्ड्यात पुरले जाई. डेमियन यांनी शवपेट्या तयार केल्या, कबरी खणल्या, दफनभूमीला कुंपण घातले. मग त्यांनी रुग्णांचे अंत्यसंस्कार मंडळ स्थापन केले. आता कुणीही मेला तरी बावटा, वाद्ये आणि गाणारी माणसे त्याच्यामागून चालू लागली. २०२० च्या महासाथीत आपल्यापैकी कित्येकांना आपल्या माणसाला शेवटचा निरोप देता आला नाही. या गोष्टीचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. जिवंत माणसांनी भरलेल्या त्या वस्तीला पहिले समाजपण तिच्या दफनभूमीत मिळाले.

त्यानंतर पाणी आले. दरीतल्या झऱ्यापासून वस्तीपर्यंत सरकारकडून मिळालेले नळ धडधाकट रुग्णांच्या मदतीने टाकले गेले. १८७४ च्या वादळाने गवती झोपड्या उडवून नेल्या, तेव्हा लाकडाची घरे बांधायला सुरुवात झाली. अनाथ मुलांसाठी वसतिगृहे, शाळा, गायकवृंद, वाद्यवृंद अशी कामे वाढत गेली. अखंड पवित्र साक्रामेंताच्या आराधनेसाठी रुग्ण पाळ्या वाटून घेत. होनोलुलूच्या आरोग्य मंडळाकडे मागण्यांची पत्रे इतकी जात की अधिकारी वैतागून जात. त्यांच्या संघातील वरिष्ठांनाही ते दुराग्रही वाटत, सोबतीला आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे पटले नाही. संत म्हणजे गोड स्वभावाचा माणूस अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी डेमियन यांचे चरित्र अवश्य वाचावे.

आरंभी त्यांना रुग्णांच्या जखमांचा दर्प सहन होत नसे. त्यावर उतारा म्हणून ते पाइप ओढू लागले. हळूहळू ते त्यांच्या झोपडीत बसू लागले, एकाच भांड्यातून पोई खाऊ लागले, स्वतःचा पाइपही त्यांना ओढायला देऊ लागले. हवाई भाषेत, आपल्या मराठीप्रमाणेच, ऐकणाऱ्याला वगळणारे आम्ही आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे आपण असे दोन निराळे शब्द आहेत. डेमियन हवाई भाषेतच प्रवचन करीत आणि रोग जडण्याच्या कितीतरी आधी रुग्णांविषयी बोलताना स्वतःला त्यांच्यात धरून बोलू लागले होते. दयाळू पाहुणा आणि घरचा माणूस यांच्यातला सगळा फरक त्या एका सर्वनामात आहे.

याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. काही काळ सरकारने त्यांना वस्तीबाहेर जायला मनाई केली होती. एकदा त्यांचे प्रांतप्रमुख जहाजातून आले, पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांना वर चढू दिले नाही. तेव्हा छोट्या होडीत उभे राहून, खालून वर ओरडून, डेमियन यांनी आपले पापनिवेदन केले. आम्हांस त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत एकाकी क्षण वाटतो. तरीही याच वर्षांतल्या त्यांच्या घरच्या पत्रांत तक्रारीपेक्षा समाधान अधिक आहे. रुग्णांची चिकाटी, त्यांची गाणी, मरणाच्या दारातली त्यांची श्रद्धा यांविषयी ते लिहितात; अशा लेकरांत ठेवल्याबद्दल ते देवाचे आभार मानतात. जो देण्यासाठी आला होता, तो घेणारा झाला होता.

१८८४ च्या डिसेंबरमध्ये एके दिवशी त्यांनी अत्यंत गरम पाण्यात पाय बुडविला. कातडी भाजली, पण वेदना झाली नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी निदान पक्के केले. आपला रोग ठरल्यावर त्यांनी कामाची गती उलट वाढविली. चर्चचा विस्तार करण्याचे काम ते अखेरच्या वर्षापर्यंत करीत होते.

आणि ज्या साथीची ते इतकी वर्षे मागणी करीत होते, ती अखेर आली. १८८६ साली अमेरिकेच्या यादवी युद्धातले माजी सैनिक जोसेफ डटन स्वखर्चाने आले आणि १९३१ साली मरण येईपर्यंत त्यांनी रुग्णांची सेवा केली. १८८८ साली फादर कॉनरार्डी आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्सिस्कन धर्मभगिनी मदर मारियान कोप दोन भगिनींसह कलाउपापाला उतरल्या. त्याही २०१२ साली संतपदी पोहोचल्या. लंडनमधील एका अँग्लिकन धर्मगुरूंनी वर्गणी गोळा करून पाठविली. एडवर्ड क्लिफर्ड हे अँग्लिकन चित्रकार अंदमानात वापरून पाहिलेले गर्जन तेल घेऊन भेटीला आले. गुण फारसा आला नाही, भेट मात्र झाली.

१५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातल्या सोमवारी, डेमियन यांचे निधन झाले. ते ४९ वर्षांचे होते. रुग्णांनीच त्यांना त्या केवड्याच्या झाडाखाली पुरले. नंतर होनोलुलूतल्या एका पाळकांनी त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक केली, तेव्हा स्वतः प्रेस्बिटेरियन घरात वाढलेले लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८९० साली खुल्या पत्रातून त्यांची बाजू मांडली. कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेतल्या हॅन्सन यांनी १८७३ साली, म्हणजे डेमियन कलावाओला उतरले त्याच वर्षी, शोधले होते. परंतु गुणकारी औषध कलाउपापाला पोहोचायला १९४६ साल उजाडले आणि सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा १९६९ पर्यंत टिकला. तोवर सुमारे आठ हजार माणसे तेथे पाठविली गेली होती.

१९३६ साली बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून डेमियन यांचा देह उकरून मायदेशी नेण्यात आला. राजाने बंदरावर स्वागत केले, लूव्हेनमध्ये त्यांची समाधी झाली. मोलोकाईच्या रुग्णांना मात्र हे फार लागले. त्यांचा माणूस त्यांच्यातून उचलून नेला गेला होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली ब्रसेल्स येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी संतपद बहाल केले. त्या सोहळ्याला कलाउपापाचे काही वृद्ध रहिवासी रोमला आले होते. त्यांची जुनी मागणी १९९५ सालीच अंशतः पूर्ण झाली होती. त्या वर्षी डेमियन यांचा उजवा हात मोलोकाईला परत आणण्यात आला आणि कलावाओच्या चर्चशेजारी, त्यांच्या मूळ कबरीत, पुन्हा मातीला देण्यात आला.