लॅटिन न येणारा सर्जन: रक्ताची नळी दोऱ्याने बांधणारे आंब्रुआज पारे

ऑपरेशन करताना मोठी रक्तवाहिनी कापावी लागली, की सर्जन ती चिमट्यात पकडतात आणि दोऱ्याने बांधून टाकतात. आज ही रोजची गोष्ट आहे. पण पाचशे वर्षांपूर्वी युरोपात पाय कापल्यावर रक्त थांबवायला लालभडक तापलेली लोखंडी सळई जखमेवर टेकवायचे. गुंगीचं औषध तेव्हा नव्हतंच. माणूस जखमेने नाही मेला तर डागण्यांनी अर्धमेला व्हायचा. ही पद्धत मोडून काढायची हिंमत ज्यांनी दाखवली, त्या आंब्रुआज पारे यांची ही गोष्ट.

पारे यांचा जन्म 1510 च्या सुमारास फ्रान्समधल्या लाव्हाल गावाजवळ साध्या घरात झाला. त्या काळी तिकडे डॉक्टर म्हणजे लॅटिन शिकलेले, पुस्तकं वाचून औषध सांगणारे मोठे लोक. ते जखमेला हात लावत नसत. फोड कापणं, दात काढणं, हाड बसवणं ही कामं केस-दाढी करणाऱ्या कारागिरांकडे असायची. पारे हेच काम शिकले. लॅटिन त्यांना कधी आलंच नाही. पुढे पॅरिसच्या ओतेल-द्यू या मोठ्या इस्पितळात त्यांनी सुमारे तीन वर्षं काढली आणि रोज पेशंट बघून बघून हात तयार केला.

तेल संपलं आणि डोळे उघडले

1537 च्या सुमारास फ्रान्सचं सैन्य इटलीत तुरीनच्या बाजूला लढत होतं. पारे सैन्याबरोबर सर्जन म्हणून गेले. वय पंचविशीच्या थोडं पुढे. बंदुकीच्या गोळीने जखमेत विष जातं, म्हणून त्यात उकळतं तेल ओतायचं, असं तेव्हाच्या नामांकित पुस्तकात लिहिलेलं होतं. पारे यांनीही तेच सुरू केलं.

एके दिवशी जखमी इतके आले की तेल संपलं. मग त्यांनी अंड्याचा पिवळा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन एकत्र करून उरलेल्यांच्या जखमांना लावलं. रात्रभर त्यांना झोप आली नाही. तेल न मिळालेले सैनिक सकाळी विषाने मेलेले दिसतील, ही धास्ती. पहाटेच उठून ते बघायला गेले. पाहतात तर उलटंच! साधा लेप लावलेल्यांना वेदना कमी होत्या, सूज नव्हती, रात्री झोपही लागली होती. उकळतं तेल ओतलेले मात्र तापाने फणफणत होते, जखमा सुजून ठणकत होत्या.

त्या दिवसापासून पारे यांनी उकळतं तेल बंद केलं. 1545 मध्ये त्यांनी गोळीच्या जखमांवर पुस्तक लिहिलं. तेही लॅटिनमध्ये नाही, साध्या फ्रेंच भाषेत, म्हणजे त्यांच्यासारख्या कारागिरांना वाचता येईल असं.

म्हातारीचं औषधही तपासलं

त्याच मोहिमेत स्वयंपाकघरातला एक पोऱ्या गरम तेलाच्या कढईत पडून भाजला. पारे औषध आणायला गेले, तर तिथे असलेल्या एका खेड्यातल्या म्हातारीने कच्चा कांदा मिठाबरोबर ठेचून लावायला सांगितलं. पारे यांनी तिला हसण्यावारी नेलं नाही. पण डोळे झाकून विश्वासही ठेवला नाही. कांदा लावून बघितला. दुसऱ्या दिवशी कांदा लावलेल्या जागी फोड नव्हते, न लावलेल्या जागी होते.

तरी त्यांनी घाई केली नाही. पुढे दारूगोळ्याने चेहरा भाजलेला एक शिपाई आला. त्याच्या चेहऱ्याच्या काही भागावर त्यांनी कांदा लावला आणि उरलेल्या भागावर नेहमीचं औषध. मग दोन्हींत फरक काय पडतो ते पाहिलं. आज नवीन औषध बाजारात येण्याआधी पेशंटचे दोन गट करून तपासतात. त्या विचाराचं बी इथे दिसतं.

सळईऐवजी दोरा

1552 मध्ये दांव्हिलेरच्या वेढ्यात एका अधिकाऱ्याच्या पायाला तोफेचा गोळा लागला. पाय कापावाच लागणार होता. पारे यांनी तापलेली सळई बाजूला ठेवली. रक्तवाहिन्यांची तोंडं चिमट्याने ओढून दोऱ्याने बांधली. अधिकारी वाचला. रक्तवाहिनी बांधायची युक्ती जुन्या ग्रंथांत होतीच, पण पाय कापताना ती वापरायचं धाडस त्यांनी केलं. त्यासाठी कावळ्याच्या चोचीसारखा चिमटाही वापरात आणला. पाय गेलेल्यांसाठी त्यांनी कृत्रिम हात-पायांची चित्रंही काढून छापली.

पुढे ते फ्रान्सच्या चार राजांचे सर्जन झाले. चार्ल्स नववा या राजाकडे विष उतरवणारा म्हणून एक खडा होता. पारे यांचा त्यावर विश्वास नव्हता. चांदीची ताटं चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष आणि वर तो खडा देऊन बघायचं ठरलं. वाचला तर सुटका. बिचारा काही तासांत तडफडून मेला. खडा खोटा ठरला, पण एक जीव गेला. मरणाच्या धाकाखाली घेतलेल्या होकाराला आजचे कायदे होकार मानत नाहीत. असा प्रयोग आज गुन्हाच ठरेल.

मोठ्यांचा राग

1575 मध्ये पारे यांचे सगळे ग्रंथ एकत्र छापले गेले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने अडवायचा प्रयत्न केला. लॅटिन न येणारा कारागीर आम्हाला शिकवणार काय, असा सूर होता. तिथल्याच एका बड्या डॉक्टरने रक्तवाहिनी बांधण्यावर पुस्तकातून टीका केली. म्हातारपणी, 1585 मध्ये, पारे यांनी आपण कुठल्या लढाईत कोणाला कसं बरं केलं याचा हिशेब लिहूनच उत्तर दिलं. 1590 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा दोरा लगेच सगळीकडे गेला नाही. बांधेपर्यंत रक्त रोखून धरणं अवघड होतं. 1718 मध्ये पेती या फ्रेंच सर्जनने स्क्रूने आवळायचा पट्टा काढल्यावर काम सोपं झालं. जखमेत पू होऊन माणसं मरतच होती. 1867 मध्ये लिस्टर यांनी जंतू मारून ऑपरेशन करायची पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा दोऱ्याचं खरं चीज झालं.

आपण काय घ्यायचं?

अंडं किंवा कांदा नव्हे! भाजलं तर लगेच वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. कोयता किंवा मशीनने कापलं, रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं, सारखं उचलून बघू नये आणि 108 ला फोन करावा. चुना, तंबाखू, माती जखमेत भरू नये.

आणि मोबाईलवर कुठलाही रामबाण उपाय आला, तर पारे यांच्यासारखं विचारावं: हा किती जणांना दिला, आणि ज्यांना दिला नाही त्यांचं काय झालं?